भिंतीवरचे आणि भिंतीतले

घराच्या अंतर्भागाशी ज्यांचा व्यवसाय निगडित आहे अशा दोन प्रकारच्या माणसांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते: एक इंटिरिअर डेकोरेटर आणि दुसरा इंटिरिअर डिझायनर. ज्याला नवे बिऱ्हाड थाटावयाचे असते तो गृहस्थ या दोहोंपैकी जो कोणी ओळखीतून मिळेल त्याच्या हाती किल्ली सोपवितो, आणि कामाच्या अखेरीस पडद्यांचा रंग मनाजोगता आला व ठरल्या रकमेत काम उरकले म्हणजे त्या दोघांत भेद कोणता, याची चौकशी करण्याचे त्याला प्रयोजन उरत नाही. व्यवहारात हे चालून जाते. परंतु हा भेद दोन धंद्यांच्या हद्दी आखून देण्यापुरताच आहे, असे मला वाटत नाही. माणसाचे राहणे वरून काही चढविल्याने सुधारते, की त्यासाठी मुळातल्या मांडणीलाच हात घालावा लागतो, हा जो प्रश्न या भेदाच्या तळाशी आहे, तो घराला लागू आहे तितकाच आचाराला, उपासनेला आणि अंतःकरणालाही लागू आहे. म्हणूनच तो सुतार-रंगाऱ्यांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

आधी दोघांचे काम नीट पाहू. सजावटकार खोलीत शिरतो तेव्हा तिच्या भिंती, दारे, खिडक्या, जमिनीची पातळी आणि छताची उंची या गोष्टी त्याने सिद्ध म्हणून स्वीकारलेल्या असतात. जे आहे ते कसे दिसावे, एवढा त्याचा अखत्यार: रंग, पडदे, गालिचे, बैठकीची मांडणी, दिव्यांवरची आवरणे, भिंतीवरच्या तसबिरी. हे कौशल्य सामान्य नव्हे; उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या थंड उजेडात कोणती पिवळी छटा मळकट दिसेल, हे रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच सांगणारा मनुष्य माझ्या लेखी विद्वानच होय. रचनाकाराची पहिली विचारणा मात्र खोलीविषयी नसून तीत राहणाऱ्या माणसांविषयी असते. घरातली म्हातारी आई रात्री उठून मोरीकडे जाताना तिचा हात कशाला टेकणार; ओट्याची उंची स्वयंपाक करणारीच्या कोपराला जुळते की तिला दिवसभर वाकून राहावे लागते; फोडणीचा धूर कोणत्या वाटेने बाहेर पडणार; अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली तर पडत नाही; मधली भिंत वरचा भार पेलते की ती नुसता आडोसा आहे; विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ कोठून गेले आहेत; आणि उद्या घरात आग लागली तर सर्वांत आतल्या खोलीतला माणूस किती पावलांत जिन्यावर पोहोचेल. एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर तो नकाशा हाती घेतो, आणि पडद्याच्या कापडाचा विचार त्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो.

या दोन नावांचा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेत घडला. एल्सी डी वुल्फ ही मूळची रंगभूमीवरील नटी. १९०५ साली न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लब या स्त्रियांच्या संस्थेच्या अंतर्भागाचे काम तिच्याकडे आले, आणि मागील शतकातली जड मखमल, काळपट लाकूड व कोंदट पडदे यांना रजा देऊन तिने फिकट रंग, फुलांचे छापील सुती कापड आणि मोकळा उजेड आत आणला. १९१३ साली तिचे 'द हाउस इन गुड टेस्ट' हे पुस्तक निघाले आणि सजावटीला स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा लाभली. तिच्याही आधी, १८९७ साली, एडिथ व्हार्टन या लेखिकेने ऑग्डन कॉडमन या वास्तुकाराच्या सहकार्याने लिहिलेल्या ग्रंथात, सजावट ही वास्तुविद्येचीच शाखा मानली पाहिजे, तिला इमारतीपासून तोडून चालणार नाही, असा आग्रह धरलेला होता. म्हणजे हा वाद व्यवसायाच्या जन्माआधीचा आहे. १९३१ साली ग्रँड रॅपिड्स या लाकडी सामानाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरी या व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिने आपल्या नावात 'डेकोरेटर' हाच शब्द घेतला होता. पुढे तो शब्द त्यांना अपुरा वाटू लागला, आणि १९७५ साली दोन संस्था एकवटून जी नवी संस्था झाली तिने 'डिझायनर' हे नाव धारण केले. १९८२ साली अलाबामा राज्याने या नावाला कायद्याचे कुंपण घातले. पुढे त्याच राज्याने नावावर न थांबता धंद्यावरच बंधन घातले, आणि २००७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन घटनेला धरून नाही म्हणून रद्द ठरविले. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वास्तुविशारदाची पदवी नोंदणीवाचून लावण्यास मनाई आहे. अंतर्भागाच्या रचनाकारास मात्र अशी कोणतीही सनद लागत नाही, आणि ज्याच्या मनात येईल त्याने दारावर तशी पाटी लावावी, अशी मुभा आहे.

कायद्याने नावाचे रक्षण होईल. तसे झाले तर लोकांची फसवणूक टळेल, हेही मला मान्य आहे. परंतु कोणी कोणते नाव लावावे याचा निवाडा झाला, तरी कोणते काम वरचे आणि कोणते आतले, याचा निवाडा त्याने होत नाही. त्यासाठी दुसरीकडे वळावे लागते, आणि माझ्या मते याची सर्वांत सूक्ष्म चर्चा घरबांधणीच्या शास्त्रात नसून काश्मिरातील काव्यशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत सापडते.

काव्याला शोभा कशाने येते, हा त्यांचा प्रश्न. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त गुण आणि अलंकार यांच्यात जी रेषा ओढली, ती आपल्या प्रस्तुत विषयाला तंतोतंत लागू पडते. शौर्य हा जसा आत्म्याचा धर्म, देहाचा नव्हे, तसे माधुर्य, ओज आणि प्रसाद हे गुण रसाचे धर्म असून ते रसाला सोडून कधी राहात नाहीत; अलंकार मात्र गळ्यातल्या हाराप्रमाणे देहावर असतात, आणि देहाला शोभवून त्या वाटेने कधी आत्म्याला शोभा आणतात, कधी आणीत नाहीत. रस नसेल तेथे ते नुसते उक्तीचे वैचित्र्य होऊन राहतात. आणि रस असूनही काही वेळा ते त्याच्या कामी येत नाहीत. वेदान्त्यांनी हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने मांडली आहे. देवदत्ताचे घर कोणते, असे विचारणाऱ्याला 'ज्यावर तो कावळा बसला आहे ते' असे उत्तर मिळाले, तर घर सापडते खरे, परंतु कावळा हा काही घराचा अंश नव्हे. तो उडून गेला तरी घर देवदत्ताचेच राहते. असल्या लक्षणाला ते तटस्थ लक्षण म्हणतात, आणि जे वस्तूच्या असण्यातच अंतर्भूत असते त्याला स्वरूपलक्षण. ब्रह्माच्या विचारासाठी योजिलेला हा दृष्टान्त घराचाच असावा, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही; स्वतःचे काय आणि वरून येऊन बसलेले काय, हा संभ्रम माणसाला सर्वांत आधी पडत असेल तर तो आपल्या घरातच पडत असेल.

हा संभ्रम जिवावर कसा बेततो, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. बोस्टन शहरातील कोकोनट ग्रोव्ह या रात्रीच्या उपाहारगृहाला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागली आणि तीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. आपण दूर दक्षिणेतल्या एखाद्या उष्ण बेटावर आलो आहोत असे गिऱ्हाइकाला वाटावे, म्हणून तेथे कागदी पानांची कृत्रिम माडाची झाडे उभारली होती आणि तळघरातील बैठकीच्या छताखाली कापड ताणून आकाशाचा आभास निर्माण केला होता. त्या झाडांना आणि त्या कापडाला लागलेली ज्योत काही मिनिटांतच जिन्याने वर चढली. मुख्य प्रवेशाशी एकच फिरते दार होते. घाबरलेल्या माणसांच्या रेट्याने ते अडकले. इतर दारांपैकी काहींना कुलपे होती, एक आत उघडणारे होते आणि काही पडद्यांमागे लपलेली होती. ज्यांनी ती सजावट केली त्यांच्या मनात कोणाचे वाईट करावे असे नव्हते; त्यांनी आपल्या अखत्यारातले काम चांगले वठविले, आणि ज्या प्रश्नाचा तपास कोणीच केला नव्हता तो त्या रात्री सर्वांपुढे उभा राहिला. पुढे कायदे बदलले, फिरत्या दाराच्या दोन्ही बाजूंस बाहेर उघडणारी साधी दारे सक्तीची झाली, पेट घेणाऱ्या शोभेच्या सामानावर बंधने आली. या प्रसंगात मला दिसते ते असे, की पडदा दाराला झाकतो तेव्हा ती गोष्ट केवळ डोळ्यांपुरती राहात नाही. वरून चढविलेली शोभा आतल्या वाटा बंद करू शकते. धर्माच्या प्रांतात हे ज्यांनी पाहिले त्यांनीच गंध, मुद्रा आणि जपमाळ यांचे प्रदर्शन मांडणाऱ्यांवर इतका कठोर प्रहार केला. त्या वस्तूंवर संतांचा राग नव्हता. अनुतापाला बाहेर पडावयाचे जे दार, त्यावरच तो पडदा सोडलेला आहे, हे त्यांनी जाणले होते.

येथवर वाचणाऱ्याची अशी समजूत व्हावी की रचनाकार श्रेष्ठ आणि सजावटकार कनिष्ठ, असे माझे म्हणणे आहे. तसे ते नाही. कारण रचनाकाराच्या वाटेवरही एक मोठा खळगा आहे, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांपैकी एक अलंकाराचा कट्टर वैरी होता. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याने अलंकरण आणि अपराध यांची सांगड घालणारे आपले प्रख्यात व्याख्यान दिले, त्यापूर्वी, १९०० सालीच, एका श्रीमंत गृहस्थाची कथा लिहिली होती. त्या गृहस्थाने आपल्या घराची संपूर्ण रचना एका कलावंत वास्तुकाराकडून करवून घेतली. काड्यांच्या पेटीपासून चमच्यांपर्यंत सर्व वस्तूंच्या जागा कायम झाल्या. वाढदिवशी मुलाबाळांनी आणलेल्या भेटवस्तू कोठे ठेवाव्यात हे विचारावयास त्याने वास्तुकाराला बोलावले, तेव्हा त्याच्या पायांतल्या सपाता शयनगृहासाठी आखलेल्या असून तो त्या या खोलीत घालून कसा आला, म्हणून वास्तुकार संतापला. आणि भेटी स्वीकारण्याचा तर त्याला अधिकारच उरला नव्हता, कारण त्याचे घर पूर्ण झालेले होते. जो पूर्ण झाला त्याला आता इच्छा करता येणार नाही, धडपडता येणार नाही, हे कळून तो गृहस्थ खिन्न झाला. कथा लहान असली तरी तिच्यात एक मोठे तात्त्विक सत्य सामावलेले आहे. जी रचना माणसासाठी उद्या काहीच करावयास ठेवीत नाही ती त्याला त्याच्याच घरात पाहुणा करते. आणि जो धर्म आचाराचा प्रत्येक क्षण आधीच आखून ठेवतो तो श्रद्धेला देण्यासारखे काही शिल्लक ठेवीत नाही.

याच व्हिएन्नात एका तत्त्वज्ञाने स्वतः घराच्या अंतर्भागाची रचना केल्याचे उदाहरण आहे. लुडविग विट्गेनश्टाइन याने १९२६ ते १९२८ या काळात आपल्या बहिणीसाठी, लोसचाच शिष्य असलेल्या पाउल एंगेलमान याच्या सोबतीने, एक घर बांधले. दारांच्या मुठी आणि खोल्या उबदार ठेवणारी लोखंडी उपकरणे त्याने स्वतः आखली, आणि काम जवळजवळ संपलेले असताना एका दालनाचे छत तीन सेंटिमीटरने उंच करावयास लावले, कारण प्रमाण चुकले होते. गालिचा नाही, पडदा नाही, दिव्याला आवरण नाही. भाषेत जे म्हणता येते ते स्वच्छपणे म्हणावे आणि उरलेल्याविषयी मौन राखावे, या त्याच्या निष्ठेचेच ते घर दगडमातीतले रूप होते, असे मी मानतो, आणि त्या निष्ठेपुढे माझे मस्तक नम्र होते. तरीही त्याच्या दुसऱ्या एका बहिणीने, त्या घराची मनापासून प्रशंसा करतानाच, आपल्यासारख्या मर्त्यांपेक्षा ते देवांना राहावयास अधिक योग्य आहे, अशा आशयाचे उद्गार काढून ठेवले आहेत. तिला जे खुपले ते मला समजते. परंतु तिचा देवांविषयीचा तर्क आपल्या देशातल्या माणसाला पटण्यासारखा नाही. कारण आपल्याकडे देवाचे घर कसे असते हे आपण पाहिलेले आहे.

अंबरनाथचे शिवालय घ्या. १०६० सालचे हे शिलाहारकालीन मंदिर काळ्या पाषाणाचे असून त्याच्या बाह्य भिंती मूर्तींनी आणि वेलबुट्टीने इतक्या भरलेल्या आहेत की नजरेला विसावा घ्यावयास कोरी जागा सहजी सापडत नाही. मंडपात आले की उजेड कमी होतो. आणि गाभाऱ्याकडे जावे तर वर चढण्याऐवजी पायऱ्या उतरून खाली जावे लागते. वर शिल्पांचा तो संभार, आणि खाली गारवा, ओल, अंधूक उजेड व लिंग. स्थपतीने येथे भाविकाच्या मनाला उपदेश केलेला नाही. त्याच्या पायांना उतरावयास लावले, डोळ्यांतला उजेड हळूहळू काढून घेतला, आणि वाट अरुंद करीत त्याला एकटे केले. ज्याला रचना म्हणावयाचे ती ही. येथे आलेल्या माणसाला नम्र होण्याचा निश्चय करावा लागत नाही, जिनाच ते काम करतो.

परंतु स्थपती एकदाच येतो. मंदिर पुरे करून तो निघून गेल्यावर जो रोज येतो तो पुजारी, आणि त्याचे काम पाहिले तर ते निखालस सजावटीचे आहे. पंढरपुरास पहाटे काकडआरती होते, पंचामृताचे स्नान होते, विठ्ठलाला वस्त्रे नेसवितात, तुळशीचे हार घालतात, दुपारनंतर पुन्हा पोशाख होतो, सायंकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. सकाळी जे चढविले ते रात्री उतरते, आणि दुसऱ्या दिवशी सर्व पुन्हा पहिल्यापासून. विटेवर उभ्या असलेल्या त्या मूर्तीला या शृंगारावाचून काही उणे आहे असे कोणताही वारकरी म्हणणार नाही. मग हा खटाटोप कशासाठी? माझे उत्तर असे की, या शृंगारात मूर्तीत भर पडत नसून भर पडते ती शृंगारणाऱ्यात. प्रेमाला रोज काही करावयास हवे असते, आणि रचना, ती कितीही उदात्त असली तरी, एकदा झाली की संपते. म्हणून देवाच्या घरी दोघांनाही जागा आहे, आणि दोघांच्या जागा वेगळ्या आहेत: स्थपतीने मौन धरावे, पुजाऱ्याने नित्य यावे. पुजाऱ्याने मंदिराची भिंत हलवू नये आणि स्थपतीने हाराची फुले कायमची ठरवून देऊ नयेत.

आणखी एक पायरी पुढे जाणे भाग आहे, कारण येथे थांबलो तर वरचे आणि आतले हे द्वैत जसेच्या तसे राहील, आणि काही वस्तू अशा आहेत की त्या या द्वैतात बसत नाहीत. जुन्या मराठी घरातला कोनाडा ही त्यांपैकी एक. मातीची किंवा दगडाची भिंत हात-दीड हात जाडीची. ती उभारतानाच गवंडी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक पोकळी सोडतो, तिच्या वर लहानशी कमान धरतो, आणि आतल्या बाजू गिलावा करून गुळगुळीत करतो. तेथे दिवा ठेवला की वाऱ्यापासून त्याचे रक्षण होते, काजळी कमानीपुरतीच राहते, उजेड मागच्या पांढऱ्या गिलाव्यावरून परतून खोलीत पसरतो, आणि जाता-येता कोणाचा धक्का लागून तेल सांडत नाही. कमानीला पाकळ्यांचा आकार दिला तर तो दिसावयास देखणा. परंतु ती कमान वरच्या मातीचा भार घेण्यासाठीच आहे. हा कोनाडा सजावट म्हणावा की रचना? नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जो अलंकार साधण्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, रसाच्या आवेगातच जो सहज निपजतो, तोच ध्वनिकाव्यातला खरा अलंकार, असे त्याचे मत. प्रयत्न एक की दोन, ही त्याची कसोटी. आणि मला ती मम्मटाच्या रेषेहूनही अधिक उपयोगाची वाटते. अंबरनाथच्या भिंतीवरची शिल्पे भिंतीला चिकटविलेली नाहीत, भिंतीच्याच दगडातून निघालेली आहेत. म्हणूनच त्या गर्दीतही मंदिर झाकले जात नाही.

सेवाग्रामची बापूकुटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास आले. गावाला सेवाग्राम हे नाव पुढे १९४० साली मिळाले. झोपडी गावच्याच मातीची, बांबूची, लाकडाची असावी, आणि गावच्या कारागिराला बांधता येईल अशी असावी, हा त्यांचा दंडक. आज बापूकुटी म्हणून दाखवितात ती मूळची त्यांची शिष्या मीराबेन हिची. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या त्या मनुष्याच्या भिंतीवर काही नसेल अशी आपली अपेक्षा असते. परंतु ते बसत त्या जागेच्या भिंतीवर मीराबेनने मातीतच उठाव देऊन ताडाची झाडे, ॐ आणि चरखा काढलेला आहे. जी माती भिंतीची तीच त्या झाडांची, आणि ज्या हातांनी भिंत सारविली त्यांनीच ती वर उचलली. त्या चित्रांमुळे व्रताला बाध आला असे मला वाटत नाही, कारण तेथे काही आणलेले नाही. विकत आणून टांगलेले एखादे उत्तम चित्र त्या जागी असते तर कुटीचा सूर बिघडला असता. आणि भिंत कोरी असती तर व्रत कदाचित थोडे कोरडे वाटले असते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. भिंत बांधतानाच कोनाडा सोडावा, हे ज्याला भिंत बांधावयास मिळते त्याने ऐकावे. गिरगावातल्या किंवा लालबागेतल्या चाळीत एका खोलीत आयुष्य काढणाऱ्याने काय करावे? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला आसरा दिला, परंतु घरमालकाच्या लेखी संमतीवाचून त्याने पक्के बांधकाम केले तर ताबा परत मागण्याचा हक्कही मालकाकडे ठेवला. अशा माणसाला भिंत जशी मिळाली तशी घ्यावी लागते. त्याच्या हाती राहते ते एवढेच: देवाची तसबीर कोणत्या भिंतीला लावावी, आणि खिडकीला पडदा कसला असावा. हा आक्षेप मी हलका लेखीत नाही, कारण तो चाळीपुरता नाही. आपल्यापैकी प्रत्येक जण आपले शरीर, आपले आईबाप, आपली जात, जन्माचे गाव आणि स्वभावाचा बराचसा भाग, हे सर्व सिद्ध म्हणूनच स्वीकारून बसलेला आहे; त्या भिंती त्याने बांधल्या नाहीत आणि त्या पाडण्याचा परवाना त्याला मिळत नाही. मग धर्माच्या नावाने त्याने जे काही करावे ते भाडेकरूची सजावट होऊनच राहणार काय?

चाळीतल्या त्या खोलीकडेच पुन्हा पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. दहा-बारा फुटांची ती खोली सकाळी स्वयंपाकघर असते, दुपारी निवडण-टिपणाची आणि शिवणकामाची जागा, तिन्हीसांजेला परवचा म्हणण्याची, रात्री शयनगृह, आणि कार्यप्रसंगी पंगतीचे दालन. अंथरुणांच्या वळकट्या कोठे जाव्यात, पोटमाळ्यावर काय चढवावे, मोरीचे पाणी उंबऱ्याशी कसे अडावे, कपड्यांची दांडी किती उंच बांधावी म्हणजे ओल्या धोतराचे पाणी कोणाच्या पानात पडणार नाही, हे सर्व ज्या बाईने ठरविलेले असते तिने एकही भिंत हलविलेली नसते. तरी ती सजावटकार नसून रचनाकार आहे, आणि माझ्या मते फार वरच्या दर्जाची. तिने हात घातला तो जागेला नव्हे, तर वेळेला. ज्याच्या भिंती परक्या आहेत त्यालाही आपल्या दिवसाची मांडणी पालटता येते, हे तिने कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता दाखवून दिलेले आहे.

आणि म्हणूनच वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ मला अलंकारांत मोजता येत नाही. माळ घातली म्हणजे मांस आणि मद्य सुटते; पंधरवड्याची एकादशी येते; हरिपाठ नित्याचा होतो; आणि आषाढीची वारी पत्करावी लागते. वारीचे दिवस जवळ आले की शेतकरी पाऊस-पाण्याचा अदमास घेऊन पेरणी उरकतो, गुरांची व्यवस्था भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या हवाली करतो, घरखर्चाची तजवीज करून ठेवतो आणि दिंडीत जाऊन मिळतो. घरदार, शेत, नाते, कर्ज, सर्व जेथल्या तेथे असते. त्याच्या वर्षाची आखणी मात्र आता वेगळ्या ठिकाणाहून होते. हीच माळ दुसऱ्या एखाद्याच्या गळ्यात नुसती शोभा होऊन राहू शकते, आणि रस्त्याने जाणाऱ्याला त्या दोन माळांत काहीही फरक दिसत नाही. तो कळतो त्याच्या घरच्या माणसांना, त्याच्या शेतावर राबणाऱ्या गड्याला, आणि ज्याच्याकडे त्याची उधारी आहे त्या वाण्याला.